आधी शांतता, मग संगणक

घरगुती ध्वनिमुद्रणासाठी संगणकाचे भाग निवडताना

जयपूर घराणे म्हटले की मराठी रसिकाच्या मनात जयपूर शहर क्वचितच उभे राहते. त्याला आठवतात कोल्हापूर, मुंबई आणि गोमंतक. याचे श्रेय उस्ताद अल्लादिया खाँ यांना आहे. १८५५ साली जयपूर संस्थानातील उनियारा येथे जन्मलेला हा गवई १८९५ च्या सुमारास राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापुरात आला, पुढे मुंबईत स्थायिक झाला आणि १९४६ साली तेथेच निवर्तला. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या शिष्यांना त्यांनी घडविले. राजस्थानच्या मातीतले गाणे अशा रीतीने मराठी मुलखाचे झाले.

भारतात तबकड्यांवरील ध्वनिमुद्रणाचे युग १९०२ साली कलकत्त्यात गोहरजान यांच्यासारख्या कलावंतांच्या तबकड्यांनी सुरू झाले. म्हणजे खाँसाहेबांच्या हयातीतील अखेरची चाळीसहून अधिक वर्षे आवाज टिपण्याची सोय या देशात होती. तरीही त्यांच्या गायनाची तबकडी बाजारात आली नाही. आज त्यांचे गाणे कसे होते हे आपण शिष्यांच्या गळ्यातून ताडतो आणि जुन्या आठवणींतून वाचतो. याउलट त्यांच्या शिष्या केसरबाई यांनी गायिलेली सुमारे साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली अमेरिकेच्या ‘व्हॉयेजर’ यानांवरील सुवर्ण तबकडीवर कोरली गेली आणि आंतरतारकीय अवकाशात जाऊन पोहोचली. गुरूचा आवाज घराबाहेर पडला नाही, शिष्येचा तारकामंडळात पोहोचला. दोहोंतील अंतर आवाज वेळीच टिपून ठेवण्याचे आहे.

आज ही सोय प्रत्येक मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आली आहे. नोकरीच्या निमित्ताने जयपुरात राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबात मुलगी गाणे शिकत असते, वडील हौसेने संवादिनी वाजवीत असतात, सुट्टीसाठी आलेल्या आजींना जात्यावरच्या ओव्या अजून मुखोद्गत असतात. हे सारे टिपून ठेवावे असे वाटते आणि कुटुंब संगणक घ्यायला एम. आय. रोडच्या परिसरातील दुकानात शिरते. तेथे काचेच्या कॅबिनेटमध्ये रंगीबेरंगी दिवे लुकलुकत असतात. विक्रेता प्रोसेसरचा वेग सांगतो, ग्राफिक्स कार्डाची महती सांगतो. आवाज टिपण्यासाठी संगणक घेणाऱ्याने तेथे विचारावयाचा पहिला प्रश्न मात्र वेगळाच आहे. तो असा, की हे यंत्र चालू असताना स्वतः किती आवाज करते?

जयपूरच्याच एका वादकाचा धडा

संगणकाकडे वळण्यापूर्वी जयपूरनिवासी पंडित विश्वमोहन भट्ट यांच्या एका ध्वनिमुद्रणाची गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पाश्चात्त्य गिटारला भारतीय रूप देऊन त्यांनी मोहनवीणा घडविली. १९९२ साली अमेरिकेतील सांता बार्बरा येथील एका प्रार्थनागृहात रे कूडर या गिटारवादकाबरोबर ते बसले. दोघांची ओळखही नुकतीच झालेली होती. त्या बैठकीतून ‘ए मीटिंग बाय द रिव्हर’ ही ध्वनिमुद्रिका निघाली आणि तिला १९९४ चा ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

या ध्वनिमुद्रणात संगणक नव्हता. होती ती उत्तम घुमारा असलेली वास्तू, काटेकोरपणे मांडलेले मायक्रोफोन, चुंबकीय फीत आणि दोन कसलेले हात. आवाज टिपण्याच्या साखळीत सर्वांत आधी कलावंत येतो, मग खोली, मग मायक्रोफोन, मग विद्युत्संकेताचे आकड्यांत रूपांतर करणारे यंत्र आणि सर्वांत शेवटी संगणक. पहिल्या कड्यांमध्ये राहिलेला दोष शेवटच्या कडीला दुरुस्त करता येत नाही. आपली खरेदी मात्र बहुधा उलट्या क्रमाने होते. सर्वाधिक पैसा शेवटच्या कडीवर खर्च होतो आणि मायक्रोफोनसाठी उरलेसुरले वापरले जाते.

संगणकाला नेमके काय करावयाचे असते?

थोडे गणित केले की बरीच भीती दूर होते. चांगल्या प्रतीच्या ध्वनिमुद्रणात आवाजाची दर सेकंदाला ४८,००० वेळा मोजणी होते आणि प्रत्येक मोजणी २४ बिटांत, म्हणजे तीन बाइटांत नोंदविली जाते. याप्रमाणे एका मायक्रोफोनचा तासाभराचा आवाज सुमारे ५२० मेगाबाइट जागा घेतो. गायन, तबला, संवादिनी आणि तानपुरा असे चार मायक्रोफोन लावले तरी तासाला दोन गिगाबाइटच्या थोडे वर. एक टेराबाइटच्या डिस्कवर अशा मैफलींचे ४८० च्या आसपास तास सहज मावतील. रोज तासभर गाणे टिपले तरी सव्वा वर्षाहून अधिक काळ पुरेल इतकी ही जागा आहे.

२४ बिट आणि ४८,००० हे आकडे मनाने ठरविलेले नाहीत. जगभरच्या ध्वनिसंग्रहालयांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिने जुन्या फिती व तबकड्यांचे अंकीय रूपांतर करताना किमान याच प्रतीचा आग्रह धरला आहे. कॉम्पॅक्ट डिस्कची प्रत १६ बिट आणि ४४,१०० अशी असते. २४ बिटांचा व्यावहारिक लाभ असा, की मुद्रणाची पातळी थोडी खाली ठेवता येते. तार सप्तकातील एखादी जोरकस तान अचानक आली तरी आवाज फाटत नाही आणि मंद्रातील हळुवार स्वरही स्पष्ट राहतो.

हे काम आजच्या कोणत्याही संगणकाच्या दृष्टीने अगदी किरकोळ आहे. चार मायक्रोफोनचा आवाज टिपून साठविणे दहा वर्षांपूर्वीच्या यंत्रालाही जड नव्हते. शक्ती लागते ती पुढच्या कामांना. वाद्यवृंदाचे तयार नमुने वापरून पार्श्वसंगीत रचणे, एका गीतात ५०-६० थर चढविणे, प्रत्येक थरावर घुमारा आणि इतर संस्कार करणे ही ती कामे होत. म्हणून खरेदीपूर्वी घरच्यांनी एकत्र बसून स्वतःला विचारावे, की आपल्याला गाणे टिपावयाचे आहे की संगणकावर संगीत रचावयाचे आहे? दोहोंच्या यादीत मोठा फरक पडतो.

प्रोसेसर, रॅम आणि नको असलेले कार्ड

गाणे टिपणाऱ्या घरासाठी मध्यम प्रतीचा सहा गाभ्यांचा प्रोसेसर पुरेसा आहे. निवडताना त्याच्या वीजवापराचा आकडा अवश्य पाहावा. ६५ वॅटच्या वर्गातील प्रोसेसर कमी तापतो. कमी तापतो म्हणून त्याचा पंखा संथ फिरतो आणि पंखा संथ फिरतो म्हणून गाण्यात घरघर उतरत नाही. सर्वांत वेगवान आणि सर्वांत महाग प्रोसेसर बहुधा सर्वांत गरमही असतो.

रॅम गाणे टिपण्यासाठी १६ गिगाबाइट भरपूर होते. वाद्यांचे तयार नमुने वापरणाऱ्यांनी ३२ चा विचार करावा. मदरबोर्डवर रॅमच्या चार जागा असाव्यात किंवा निदान एक रिकामी ठेवावी, म्हणजे गरज भासेल तेव्हा भर घालता येते. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव बरेच चढले. अशा काळात ‘असू द्या जास्तीची’ हा सल्ला महागात पडू शकतो.

स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड या कामाला लागत नाही. ते खेळांसाठी आणि चित्रफितींच्या कामासाठी असते. येथे ते फक्त वीज खाते, उष्णता देते आणि आपले दोन-तीन पंखे घेऊन येते. मात्र ते टाळावयाचे तर प्रोसेसरमध्ये चित्र दाखविण्याची सोय अंगभूत असली पाहिजे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाअखेरीस ‘एफ’ हे अक्षर असते त्यांत ती नसते. असे प्रोसेसर थोडे स्वस्त असतात आणि घाईत गळ्यात मारले जातात. मग पडद्यावर काहीच उमटत नाही आणि नको असलेले कार्ड घ्यावेच लागते. हे एक अक्षर बिल फाडण्यापूर्वी तपासावे.

साठवणुकीसाठी मुख्य डिस्क एसएसडीच असावी. तिच्यात फिरणारा भाग नसल्याने ती संपूर्ण मूक असते. तबकडी फिरणारी जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क बाहेरून जोडून केवळ प्रती ठेवण्यासाठी वापरावी आणि मुद्रण चालू असताना काढून ठेवावी.

उन्हाळा आणि शांतता

जयपुरातील खरी अडचण येथून पुढे सुरू होते. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, कधी ४५ ला टेकतो. थंड प्रदेशातील ग्रंथांत मूक संगणकासाठी चहूबाजूंनी बंद, आतून फोम लावलेले कॅबिनेट सुचविलेले असते. ते येथे जसेच्या तसे घेतले तर आत कोंडलेली उष्णता पंख्यांना अधिकच जोराने फिरावयास लावते आणि शांततेसाठी घेतलेली पेटीच गोंगाट करू लागते. राजस्थानच्या कोरड्या उन्हाळ्यात पुढील बाजूस जाळी असलेले ऐसपैस कॅबिनेट अधिक उपयोगी पडते. त्यात १४० मिलिमीटरचे मोठे पंखे बसवावेत. मोठा पंखा संथ फिरूनही तेवढीच हवा ढकलतो आणि त्याचा आवाज खालच्या पट्टीतला, कानाला कमी बोचणारा असतो. पंख्यांची गती तापमानानुसार आपोआप बदलणारी असावी. बायोसमध्ये शिरून प्रोसेसरच्या वीजवापराला मर्यादा घालण्याचा उपायही गुणकारी आहे. विक्रेत्याकडून तो दुकानातच करून घ्यावा.

एसएमपीएसच्या बाबतीत काटकसर करू नये. गरजेपेक्षा थोड्या अधिक क्षमतेचा, नामांकित बनावटीचा एसएमपीएस कमी भारावर चालतो आणि म्हणून थंड राहतो. काहींचा पंखा भार कमी असेपर्यंत फिरतच नाही. हलक्या प्रतीचा एसएमपीएस स्वतः कुजबुजतो, शिवाय विजेच्या चढउतारात सोबतच्या भागांनाही घेऊन बुडतो.

राजस्थानची बारीक धूळ हा दुसरा शत्रू होय. कॅबिनेटला काढून धुता येण्याजोगी जाळी असावी. उन्हाळ्यातील आँधीनंतर ती अवश्य झटकावी. धुळीने माखलेला पंखा नव्यापेक्षा अधिक आवाज करतो आणि कमी थंडावा देतो.

या साऱ्याहून स्वस्त उपाय मात्र वेगळाच आहे. तो म्हणजे लांब तार. मायक्रोफोनची चांगली संतुलित तार दहा-पंधरा मीटर लांब असली तरी आवाजात फरक पडत नाही. संगणकापासून इंटरफेसपर्यंतची यूएसबी तार मात्र पाच मीटरपलीकडे सहसा भरवशाची राहत नाही. म्हणून संगणक आणि इंटरफेस शेजारच्या खोलीत ठेवावेत, मायक्रोफोनची तार दाराखालून गाणाऱ्याच्या खोलीत न्यावी आणि दार लोटून घ्यावे. अशा घरात सर्वसाधारण कॅबिनेटसुद्धा चालून जाते. हजारो रुपयांच्या मूक भागांचे काम दहा मीटर तार करते.

वीज, इन्व्हर्टर आणि गुणगुण

अनेक घरगुती मुद्रणांत मागे एक सलग गुणगुण ऐकू येते. ती बहुधा संगणकाची नसते, तर विजेची असते. आपल्याकडील वीजप्रवाह सेकंदाला ५० आवर्तने घेतो आणि जमिनीशी नीट न जोडलेल्या यंत्रांतून तोच स्वर मुद्रणात शिरतो. संगणक घेण्याआधी जाणत्या विद्युतकारागिराकडून घराचे अर्थिंग तपासून घेणे हा या खरेदीचा सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वाधिक लाभाचा भाग होय. संगणक, इंटरफेस आणि स्पीकर एकाच तीन पिनांच्या बोर्डावर जोडावेत.

इन्व्हर्टरवर मुद्रण करावयाचे असल्यास तो शुद्ध साइन वेव्हचा असावा. चौकोनी लहरी देणाऱ्या इन्व्हर्टरवर करकर ऐकू येते. यूपीएस हवाच, पण तोही गाणाऱ्यापासून दूर ठेवावा. मध्येच वीज गेल्यावर संगणक बंद पडून तासाभराची तालीम हरवली तर ती पुन्हा तशीच गाऊन मिळत नाही. लॅपटॉप वापरणाऱ्यांनी चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करून पाहावे. पुष्कळदा गुणगुण तेवढ्यानेच थांबते.

इंटरफेस, मायक्रोफोन आणि विलंब

मदरबोर्डवरच्या गुलाबी छिद्रात मायक्रोफोन खुपसून केलेल्या मुद्रणाची प्रत समाधानकारक येत नाही. त्यासाठी ऑडिओ इंटरफेस नावाची छोटी पेटी लागते. एकट्या गायकाला दोन मायक्रोफोनांची पेटी पुरते. तबला आणि संवादिनीची साथ एकाच वेळी टिपावयाची तर चारांची घ्यावी. कंडेन्सर प्रकारच्या मायक्रोफोनला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, तो या पेटीत आहे का हे पाहावे. शांत खोली असेल तर कंडेन्सर आवाजातील बारकावे टिपतो. रस्त्याकाठच्या घरात तो रिक्षाचा भोंगाही तितक्याच निष्ठेने टिपतो. तेथे तोंडाजवळ धरावयाचा डायनॅमिक मायक्रोफोन बरा.

नवशिक्यांना छळणारी आणखी एक गोष्ट म्हणजे विलंब. गाणारा आपला आवाज संगणकातून फिरून हेडफोनमध्ये ऐकतो तेव्हा तो किंचित उशिरा येतो आणि लय डळमळते. आवाज हवेत एका सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे दहा मिलिसेकंदांचा विलंब हा तबलजी साडेतीन मीटर दूर बसल्यासारखा असतो. एवढे सोसते, याच्या दुपटी-तिपटीने मात्र गाणे अवघडते. संगणक आवाजाचे छोटे गठ्ठे बांधून काम करतो. ४८,००० च्या मोजणीत २५६ नमुन्यांचा एक गठ्ठा म्हणजे पाच मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ. येताना एक आणि जाताना एक धरला तरी तो दहाच्या आसपास राहतो.

हा विलंब कमी करण्यासाठी महाग प्रोसेसर घ्या, असे दुकानात सांगितले जाते. गाणाऱ्याला त्याची गरज नाही. इंटरफेसवरील ‘डायरेक्ट मॉनिटर’ची कळ दाबली की आवाज संगणकात न जाता थेट कानात येतो. विंडोज वापरणाऱ्यांनी इंटरफेसच्या उत्पादकाने स्वतः दिलेला एएसआयओ ड्रायव्हर बसवावा. मुद्रणाच्या वेळी वाय-फाय आणि संदेशांच्या सूचना बंद ठेवाव्यात. अधूनमधून येणारे ‘टक्’ असे आवाज पुष्कळदा यातूनच उद्भवतात. आज्ञावलीसाठी पैसे मोजण्याची सुरुवातीला आवश्यकता नाही. ‘ऑडॅसिटी’ मोफत मिळते आणि ॲपलच्या संगणकावर ‘गॅरेजबँड’ही विनामूल्य उपलब्ध आहे.

शंभर रुपयांचा हिशेब

सर्व काही नव्याने घेणाऱ्या कुटुंबाने खर्चाच्या शंभर रुपयांची विभागणी साधारणपणे अशी करावी. संगणकावर ४५, मायक्रोफोन आणि इंटरफेसवर ३०, हेडफोन, स्टँड आणि तारांवर १०, यूपीएस व प्रतींसाठीच्या डिस्कवर १० आणि खोलीवर ५. हा ठोकताळा आहे, नियम नव्हे. परंतु संगणकाचा वाटा निम्म्याच्या वर जाऊ लागला तर थांबून यादी पुन्हा वाचावी. कर्ज काढून किंवा हप्त्यांवर घेणाऱ्याने तर विशेषच. संगणकाचे मोल दरवर्षी घसरते. चांगला मायक्रोफोन मात्र वीस वर्षांनंतरही कामाला येतो.

घरात पूर्वीचा संगणक असेल तर आधी त्यावरच प्रयोग करावा. इंटरफेस, मायक्रोफोन आणि एक एसएसडी एवढ्याने अनेकांची गरज भागते. मात्र कार्यालयांतून निघालेले जुने संगणक स्वस्तात मिळतात म्हणून घेताना एक तारीख ध्यानी ठेवावी. विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी साधारणपणे इंटेलचे आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर लागतात. त्याआधीचे यंत्र घेतलेच तर ते इंटरनेटपासून अलग, केवळ मुद्रणासाठी वापरावे. नवे भाग घेताना पक्के बिल घ्यावे, त्यावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि हमीचा काळ भागागणिक वेगळा असतो हे विसरू नये.

खोलीसाठीचे ५ रुपयेसुद्धा जयपुरात वाचतात. जुन्या हवेल्यांच्या जाड भिंती बाहेरचा गोंगाट अडवितात, पण दगडी भिंती आणि फरशी आतला आवाज परतवून लावतात आणि बोल अस्पष्ट होतात. गाणाऱ्याच्या पाठीशी व बाजूस दोरीवर जाड रजई टांगावी, खाली सतरंजी अंथरावी. जयपुरी रजई हलकेपणासाठी नावाजलेली आहे. येथे मात्र तिची सर्वांत जड आणि जाड बहीण निवडावी. वेळही पाहावी लागते. उन्हाळ्यात कूलर बंद करून फार वेळ बसवत नाही, म्हणून पहाटेची वेळ उत्तम. संक्रांतीला सारे शहर पतंगांसाठी गच्चीवर असते आणि गच्चीगच्चीवर कर्णे वाजत असतात. त्या दिवशी मायक्रोफोन पेटीतच ठेवावा. पावसाळ्यात एखादा मोर मध्येच ओरडला तर तेवढे मात्र राहू द्यावे. ते मुद्रण कोठे झाले याची तीच साक्ष ठरते.

जतन : तीन प्रतींचा नियम

जयपूर दरबारात कलावंतांसाठी ‘गुणीजनखाना’ नावाचे स्वतंत्र खाते होते. गवई आणि वादक यांचा सांभाळ राज्य करीत असे. आता प्रत्येक घराला आपला छोटा गुणीजनखाना स्वतः सांभाळावयाचा आहे. डिस्क हरवते, जळते, चोरीला जाते, कधी काहीच कारण नसता बंद पडते. म्हणून प्रत्येक मुद्रणाच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि निदान एक प्रत घराबाहेर असावी. पहिली संगणकातील एसएसडीवर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी आप्तांकडे, इंटरनेटवरील साठवणीत किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. दागिन्यांशेजारी एक छोटी डिस्क मावते. ती वर्षातून एकदा बाहेर काढून चालवून पाहावी. न पाहता ठेवलेली प्रत ही प्रत आहे असे धरून चालू नये.

मूळ मुद्रण ‘वेव्ह’ स्वरूपात, कोणताही संस्कार न करता ठेवावे. एमपी-थ्री ही फक्त नातेवाइकांना पाठविण्यासाठी. फाइलला नाव देताना गाणाऱ्याचे नाव, राग किंवा गीत, दिनांक आणि गाव लिहावे. ‘नवीन मुद्रण ७’ या नावाखाली काय आहे हे दहा वर्षांनी घरातही कोणी सांगू शकत नाही. १९८२ साली पुण्यात सुरू झालेले आणि पुढे दिल्ली परिसरात गेलेले अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे संगीतविषयक संग्रहालय घ्या किंवा जगातील अन्य कोणतेही. आवाजाइतकीच त्याच्यासोबतची ही माहिती तेथे मोलाची मानली जाते.

आणखी एक पथ्य आहे. गुरूची तालीम टिपण्याआधी गुरूची परवानगी घ्यावी आणि ती कोणाला ऐकवावयाची हेही विचारावे. जुन्या पिढीतील अनेक गवय्यांना आपली विद्या यंत्राच्या हाती देणे पसंत नव्हते. घराण्याची चीज ही त्यांच्या लेखी घराण्याची ठेव होती. त्या भावनेचा मान राखूनच ध्वनिमुद्रण व्हावे. विश्वासाने सोपविलेली ठेव कशी सांभाळावी हे बँकेशी संबंधित वाचकांना वेगळे सांगावयास नको.

अल्लादिया खाँसाहेबांच्या काळी आवाज टिपण्याचे यंत्र मोजक्या कंपन्यांच्या हाती होते आणि तबकडीवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. आज तासन्‌तासांची मैफल तळहाताएवढ्या डिस्कवर राहते. कमतरता यंत्राची नाही, लक्ष देण्याची आहे. आजींचा आवाज पुढच्या उन्हाळ्यात असाच असेल याची शाश्वती कोणत्याही हमीपत्रात नसते. तेव्हा सर्वोत्तम संगणकाची वाट पाहण्यापेक्षा घरात आहे त्या यंत्राला शेजारच्या खोलीत हलवावे, लांब तार ओढावी, रजई टांगावी, पंखा बंद करावा आणि आजींना पहिली ओवी म्हणावयास सांगावे.